त्या चालीचं नाव

अण्णा, त्या चालीचं नाव काय होतं हो? तुम्ही सांगितलं होतंत. पडवीत बसून, पत्र्याची ती सहा भोकांची शिट्टी लुंगीला पुसत, जहाजावरच्या तुमच्या आयरिश सोबत्याचं नाव, त्याच्या गावाचं नाव आणि चालीचं नाव, तिन्ही सांगितलीत. आणि मी नेमका बँजो पार्टीच्या तालमीला जायला चपला शोधत होतो. पोरगा ऐकत नाही म्हटल्यावर दुसऱ्यांदा सांगायला काय झालं होतं? कान धरायचात माझा! पण तुम्ही कसले धरताय. शाळेच्या स्पर्धेसाठी मी कविता घोकत होतो, तेव्हाही तेच. "तू म्हण, मी मागनं वाजवतो," म्हणालात. मी दोन कडवी संपवली तरी तुमची पहिलीच ओळ चाललेली. "अण्णा, मागं पडताय तुम्ही!" "मग थांब की जरा मेल्या. एसटी चुकतेय काय तुझी?" मी म्हणालो, असल्या रडक्या चालीवर बक्षीस मिळत नाही. तुम्ही शिट्टी खिशात घातलीत. पुढच्या बोटीवर गेलात ते परत आलाच नाहीत.

आता सत्तरी उलटल्यावर मी ती चाल शोधतोय. नात मोबाइलवर आयरिश गाणी लावून देते. आधी मला धावती, पाय आपटायला लावणारीच आवडायची, आपल्या शिमग्यासारखी. हल्ली ती पाच मिनिटांत डोक्यात जातात. आता लागतं ते एकट्या माणसाचं गाणं, साथीला काही नाही, मधे श्वास घेतलेलासुद्धा ऐकू येतो. आमचे गुरुजी कडवं संपलं की पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत राहायचे, तसं ते गाणं मधेच थांबतं. शब्द एक कळत नाही, आणि डोळे भरतात. सून वैतागते. "आप्पा, सकाळपासून हे काय लावलंय? कुणी गेलंय काय?" तिला काय सांगू, कपाळ! मला तुमच्या चालीचं आठवतं ते एवढंच, की खालून निघते, चढत जाते, आणि आता पोचली म्हणेपर्यंत वरच्या सुराला न शिवताच मागं फिरते. तर अण्णा, त्या देशातल्या निम्म्या चाली अशाच निघाल्या! सगळ्यांना वर जाऊन मागं फिरायचंच असतं. एक नाव सांगून गेला असतात, तर या वयात माझी ही वणवण टळली असती. सांगितलं होतंत, माहीत आहे. तरीही राग तुमच्यावरच निघतो.

परवा नातीनं एक लावली. शिट्टीच होती, हळू. तिनं विचारलं, "आजोबा, हीच ना पणजोबांची?" मी हो म्हणालो. तिनं ती लगेच सगळ्या नातेवाइकांना पाठवली, तुमच्या नावानं. मुंबईहून आत्याचा, तुमच्या नव्वदीतल्या धाकट्या बहिणीचा, फोन आला, रडत होती, म्हणाली, हीच रे, हीच. आता तिला कोण सांगणार? हा कागद तुम्हाला पाठवायची सोय नाही, म्हणून लिहितो. ती तुमची नव्हती, अण्णा. ती वरच्या सुराला जाऊन टेकते. मला आवडली, म्हणून हो म्हणालो.