भंडारा उचलायच्या आदी

भूगाव, मे २००६

ती. भैरूमामांस, शेखरचा नमस्कार.

सकाळपासून ऑफिसात नुसता उठतोय न् बसतोय. उद्या कोळवणला भैरोबाच्या देवळात मी भंडारा उचलून शपथेवर सांगायचं, की तुमचं भातखाचर कुटवर आन् शेजारचं स्वरदा मॅडमचं कुटवर.

तुमी म्हणालात, "शेखर माझा भाचा हाय, त्यो सांगंल ते मान्य." मॅडम म्हणाल्या, "जमीन त्यांनीच मिळवून दिली, आमचेच एजंट आहेत. मलाही मान्य." दोघंबी खूश! मामा, आवो, दोन्हीकडचा माणूस पंच कसा हुईल? सरकारी मोजणी मागवू म्हणलं, तर तुमी माझ्यावरच उखडलात.

का उखडलात, ते मला कळतं. दरसाल नांगर धरला की तुमी बांध थोडा थोडा कोरता. बांधावरचं उंबराचं झाड आज तुमच्या खाचरात उभं हाय. झाड काय चालत आलं व्हय?

खरं बोललो तर मामी दारात उभं करायची न्हाई. खोटं बोललो तर भैरोबा.

हे पत्र धाडत न्हाई. तुमी ते वैष्णवीला वाचायला लावणार, आन् लेकीनं बापाचं हे वाचू नये.

उद्या देवळात जायच्या आदी दोघांनाबी शेतावर नेतो, उंबराखाली. हद्द तितं तुमीच सांगा. सांगताना माझ्याकडं बघू नका, मामा. झाडाकडं बघा.

तुमचाच, आन् तीच तर अडचण हाय,
शेखर