एक नवरा, दोन बायका आणि पोर्तुगालचा व्हिसा

ट्रॉय, मिशिगन
ऑक्टोबरचा शेवट

ती. गुरुनाथदादा,

ट्रॉयहून मोरेश्वरचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातून, गुडघ्यांची परिस्थिती तुम्हाला ठाऊक आहे.) तुमची शुगर, वहिनींची पाठ आणि पुण्यातली हवा तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. आपला पत्रव्यवहार फारसा नाही, तेव्हा पाकीट पाहून घाबरू नका. आम्ही सुखरूप आहोत. सुखरूप कसले, हवेत आहोत!

दादा, आम्ही पोर्तुगालला कायमचे राहायला जाणार! निवृत्त लोकांना तिकडे राहण्याचा व्हिसा मिळतो. दरमहा ठरावीक पेन्शन येते एवढं दाखवायचं. एकट्याला कमी, जोडप्याला जास्त. माझी एकट्याची तोकडी पडते, पण तुमच्या बहिणीची मिळवली की आरामात जमतं. (ती माझ्यापेक्षा जास्त कमवायची, हे मी चारचौघांत मोठ्या मनाने सांगतो. घरात ती सांगते.) समुद्राकाठी दोन खोल्यांचं घरही हेरून ठेवलंय, अंगणात लिंबाचं झाड आहे! उत्साहाच्या भरात मी बर्फ हटवायचं यंत्र शेजारच्या श्रीरामला देऊनसुद्धा टाकलं. म्हणजे आता एक तर पोर्तुगाल, नाहीतर श्रीरामचे पाय धरणं.

कागद पाठवले आणि कॉम्प्युटरवर मुलाखत झाली. व्हिसावाल्या बाई फार गोड. त्यांनी हसतमुखाने विचारलं, तुमच्या पत्नी उल्का कुठे आहेत? मी शेजारी बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, या तर सुनेत्रा! झालं. लग्नात आमच्या आईच्या हौसेखातर मी ताटातल्या तांदळात अंगठीने ‘उल्का’ लिहिलं आणि लग्नाच्या दाखल्यावर तेच चढलं. हिची डिग्री, पासपोर्ट, नोकरी, पेन्शन मात्र सगळं माहेरच्या नावाने. (अमेरिकेत दोघंही आपापल्या नोकरीच्या व्हिसावर आलो, त्यामुळे आजवर कुणी विचारलंच नाही.) थोडक्यात, कागदोपत्री माझी बायको उल्का, जिला दमडीचं उत्पन्न नाही, आणि मी म्हातारपण काढायला निघालोय सुनेत्रा नावाच्या कमावत्या बाईबरोबर! मी बाईंना तांदळाची प्रथा रंगवून सांगितली. त्यांनी विचारलं, तुमचं नाव काय ठेवलं? मी म्हटलं, पुरुषांचं बदलत नाहीत. त्यावर त्या बराच वेळ काहीतरी टाइप करत होत्या. ही इतकी हसत होती की कॅमेऱ्यात दिसेनाशी झाली. आमच्या चिरंजीवांना, सुशांतला, तिकडे रेडमंड गावी फोन केला, तर म्हणतो, ‘डॅड, टेक्निकली यू हॅव टू वाइव्ज. कूल!’

असो. हे सगळं लवकरच मार्गी लागेल आणि पुढच्या दिवाळीला तुम्ही दोघं आमच्याकडे समुद्राकाठी फराळाला याल, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

आपला,
मोरेश्वर

ता. क. : शंका थोडी आहे. लग्नाला हजर असलेल्या हिच्या माहेरच्या वडीलधाऱ्या माणसाने नोटरीपुढे लिहून द्यायला हवं, की सुनेत्रा आणि उल्का एकच. असे आता तुम्ही एकटेच उरलात. त्या तांदळाच्या ताटावरून तुम्ही न जेवता मांडवातून निघून गेलात आणि आजतागायत तिला उल्का म्हणून हाक मारली नाहीत, हे मी विसरलेलो नाही. पण दादा, एकदाच म्हणा, तेही कागदावर. तुमच्या पाया पडतो. (हे मात्र गुडघ्यांसकट.)

ता. ता. क. : दादा, ह्यांनी पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं, म्हणून चार ओळी. त्या बाईंना मी परत फोन केला होता. माझी पेन्शन एकटीला पुरून उरते आणि एकटीला लग्नाचा दाखला लागत नाही. सही लागते ती ह्यांना बरोबर न्यायचं असेल तरच. न्यायचं आहे रे, माझा जीव आहे ह्यांच्यावर. तेव्हा सही कर, पण ‘सुनेत्रा म्हणजेच उल्का’ असलं काही लिहू नकोस. ‘मोरेश्वर हा सुनेत्राचा नवरा’ एवढंच लिही. उल्काचा नवरा कोण, ते ह्यांचं हे बघतील.

तुझी सुनेत्रा