गुरुवारचा रिकामा रकाना

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांच्या कृपेने हल्ली तो प्रत्यक्षात जमत नाही, पण कागदावर मी अजूनही पूर्ण आडवा होतो.) इकडे सगळे बरे आहेत. तुझी भावजय दिवसभर औषधांच्या दुकानात डॉक्टरांची अक्षरं वाचते आणि घरी येऊन माझ्या चुका वाचते. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो, सून मुलांना पोहायला शिकवते, आणि सहा वर्षांची नात आम्हा चौघांना कामाला लावते, म्हणून तिला आम्ही मुकादम म्हणतो. तुझी तब्येत विचारत नाही, कारण ‘मला काय धाड भरलीय’ हे उत्तर मला पाठ आहे. मात्र मागच्या पत्रात अगदी शेवटी, कोपऱ्यात, तू लिहिलं होतंस की भावोजी गेल्यापासून एकटीसाठी दोन वेळा गॅस पेटवायचा कंटाळा येतो, संध्याकाळचं चहा-बिस्किटावर भागतं. आणि त्याच आठवड्यात आईचं मोठं पातेलं माझ्या मुलाबरोबर पाठवून दिलंस, एकटीला एवढं कशाला म्हणून. पातेलं पोचलं. ते वाक्य मात्र अजून घशाखाली उतरलेलं नाही. पण त्याविषयी नंतर. आधी माझी कर्मकहाणी ऐक.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या घरात बंड झालं. रोज संध्याकाळी तुझी भावजय दारात चपला काढते न काढते तोच कोणीतरी विचारतं, आज जेवायला काय करायचं? त्या दिवशी विचारणारा मी होतो. तिने काढलेल्या चपला परत घातल्या आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. म्हणाली, रांधायला सगळे हात लावता, त्याबद्दल तक्रार नाही. पण काय रांधायचं ते ठरवून ठरवून माझं डोकं शिजलंय, पस्तीस वर्षं उत्तर मी दिलं, आता तुम्ही द्या. मी म्हटलं, एवढंच ना? ताई, ज्या माणसाने बत्तीस वर्षं शाळेचं वेळापत्रक बसवलं, बावीस वर्ग आणि एकोणतीस शिक्षक (त्यातल्या चौघांचा एकमेकांशी अबोला) एकदाही एकमेकांवर आदळू दिले नाहीत, त्याला पाच माणसांचा आठवडा म्हणजे डाव्या हातचा मळ. दुसऱ्याच दिवशी मी एका फळीला काळा रंग दिला, मुलाकडून ती स्वयंपाकघराच्या दारामागे ठोकून घेतली आणि खडूने सात रकाने आखले.

रकाने आखताना हात थांबला, कारण फळी मी नकळत अगदी आईच्या उंचीवर ठोकून घेतली होती. आईचा फळा आठवतो ना? पत्र्याचा, एक कोपरा वाकलेला. रविवारी दुपारी ती ओल्या फडक्याने तो पुसायची, आपल्याला समोर उभं करून एकेक इच्छा विचारायची आणि बहुतेक इच्छा ऐकून घेऊन स्वतःचंच लिहायची. तिचा कायदा एकच होता: फळ्यावर लिहिलं ते झालंच पाहिजे, आणि झालं ते खाल्लंच पाहिजे. मी एकदा मंगळवारचा भोपळा पुसून तिथे बटाटे लिहिले होते. तिने अक्षर ओळखलं आणि बटाटेच केले, कारण फळ्यावर बटाटे होते. बुधवारी मात्र दोन्ही वेळेला भोपळा होता. त्यानंतर मी आयुष्यात कुठलंच वेळापत्रक चोरून बदललेलं नाही.

तर मी कामाला लागलो. शाळेचा नियम असा की अवघड विषय पहिल्या तासाला ठेवावा, मुलं ताजीतवानी असतात. म्हणून सोमवारी सकाळी वाटाणे आणि चवळी ठेवली. आता मुलगा पडला लिफ्टवाला, बंद जागेत दुसऱ्या कारागिराच्या खांद्याला खांदा लावून उभा राहणारा. त्याने तक्रार अशी केली नाही. एवढंच सांगितलं की कारागिराने जोडीदार बदलून मागितलाय. मंगळवारी बाजारात कोबी मिळाला नाही. कोबी गैरहजर, तेव्हा त्याच्या तासाला मी मुळा पाठवला, आणि बदली तासाला वर्गात जेवढा गोंधळ होतो तेवढाच ताटांवर झाला. सुनेला पाण्यातून बाहेर आल्यावर कडकडून भूक लागते, तिला मी दहा मिनिटांची मधली सुट्टी दिली. (तिने ती पंचावन्न मिनिटांची केली आणि शनिवारची अंडी खाऊन टाकली.) जेवणाची घंटाही आणली होती, पण ती मुकादमच्या हाती लागली आणि एका जेवणाला एकोणीस वेळा वाजली. शेजारच्या शिंपीकाकांनी गॅलरीतून विचारलं की शाळा पुन्हा सुरू केलीत का.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण दुसऱ्या आठवड्यात जे झालं त्याने माझी नाचक्की झाली. एक शिक्षक एकाच वेळी दोन वर्गांत टाकायचा नाही, हा वेळापत्रकाचा पहिला धडा. मी शिक्षकांची काळजी घेतली, ताई, आणि पातेल्याची घ्यायला विसरलो. घरात मोठं पातेलं एकच, आईचं, तू पाठवलेलं. फळ्यावर बुधवारी दुपारी वाटाणे त्यात भिजत होते, आणि त्याच बुधवारी दुपारी त्यात टोमॅटोचं सूप उकळायचं होतं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या वेळापत्रकात दोन तास एकमेकांवर आदळले. शेवटी वाटाणे मुकादमच्या अंघोळीच्या टबात हलवले. (टब धुऊन घेतला होता. हे तुझ्या भावजयीला अजून पटलेलं नाही.) संध्याकाळी मुकादम अंघोळीला गेली आणि तिने टबातून जाहीर केलं की आपल्या घरात मोती सापडलेत, फक्त ते हिरवे आहेत. वाटाण्यांचं पुढे काय झालं ते लिहीत नाही. कायदा होता, झालं ते खाल्लंच पाहिजे. पण माझ्याशिवाय तो कोणी पाळला नाही.

त्या गडबडीत पातेलं मी पहिल्यांदा नीट पाहिलं. पोटाशी तो पोचा अजून आहे, आणि तळाला तो काळा डाग, जो आईने घासघासूनही गेला नव्हता. तो डाग तुझा. गुरुवारी आईची टेलिफोन कचेरीत दुपारपाळी असायची आणि संध्याकाळचं जेवण तुझ्यावर असायचं. तू अकरा वर्षांची, पायाखाली पाट घेऊन ओट्याशी उभी, आणि मी खाली बसून कांदे सोलता सोलता तुला सल्ले देत होतो, त्यातला एकही तू घेतला नाहीस. आई गुरुवारचा रकाना मुद्दाम रिकामा ठेवायची, कारण त्या पातेल्यातून काय बाहेर येईल हे तुलाही ठाऊक नसायचं. ती घरी यायची, हात धुवायची, पहिला घास बराच वेळ चावायची, आणि मग उठून त्या पदार्थाला स्वतःच नाव देऊन फळ्यावर लिहायची. ढगातले बटाटे. रुसलेली अंडी. एकदा नुसतं ‘गुरुवार’ एवढंच लिहिलं, तेव्हा तू रडलीस, आणि तिने तेच दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मला त्या आठवणीने अजून गलबलतं, ते इथे सांगून टाकतो, कारण समोर असतीस तर विषय बदलला असता.

आणि ‘घाईचा भात’. खाली मैत्रिणी दोरीच्या उड्या मारत होत्या म्हणून तू आच मोठी करून पळालीस, तोच तो डाग. तळ करपलेला, वरचे दाणे टणक, मध्ये कुठेतरी कांदा, आणि चव अशी की बाबांनी पातेलं खरवडून खाल्लं. गेल्या गुरुवारी मी तो करायला घेतला. आच मोठी केली, मुद्दाम खाली जाऊन आलो, शिंपीकाकांशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. परत आलो तर भात मऊ, मोकळा, पांढराशुभ्र. इतका सरळ भात आमच्या घरात कधी झाला नव्हता. तुझी भावजय म्हणाली, निदान करपवणं तरी तुम्हाला जमेल असं वाटलं होतं. सगळे मिटक्या मारत जेवले आणि मी एकटा उपाशी असल्यासारखा उठलो. मुकादमने खडू पुढे केला, नाव काय लिहायचं विचारलं. मी खडू परत तिच्या हातात ठेवला. रकाना तसाच राहिला.

असो. एकंदरीत माझं उत्तम चाललंय, काळजी करू नये. तूही दोन्ही वेळा जेवत जा, वडीलधाऱ्या माणसाला याहून अधिक सांगण्याचा मला अधिकार नाही.

तुझा आज्ञाधारक (हे आईच्या फळ्यापुरतं खरं होतं),
धाकटा

ता. क. उत्तम चाललंय हे खोटं आहे. मागच्या रविवारी फळा माझ्याकडून काढून घेण्यात आला. आता सून आणि मुलगा आळीपाळीने ठरवतात, तुझी भावजय चपला काढून निवांत बसते, आणि माझ्याकडे फक्त सुवाच्य अक्षरात लिहिण्याचं काम उरलंय.

दुसरा ता. क. पातेलं परत पाठवणार नाही. ते इथे राहील. पातेल्यामागोमाग तू यावंस असं आम्हा सगळ्यांना वाटतं, आणि हे सांगण्यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो. वाटाण्यांनी जागा खाल्ली. पूर्वेकडची खोली रिकामी केलीय. ‘विचार करते’ असं लिहू नकोस, त्याचा अर्थ मला कळतो.

तिसरा ता. क. हे पत्र पाकिटात घालायला उठलो तर मुकादमने येत्या गुरुवारच्या रकान्यात, जेवणाच्या जागी, एवढ्या मोठ्या अक्षरात ‘आत्याआजी’ असं लिहून ठेवलंय. हा खायचा पदार्थ नाही असं समजावून मी पुसायला गेलो. तिने फडकं लपवलं आणि म्हणाली, आजोबा, फळ्यावर लिहिलं ते झालंच पाहिजे, तुम्हीच सांगितलंत. कायदा तो कायदा. बुधवारी सकाळी मुलगा गाडी घेऊन तुझ्या दारात येतोय. संध्याकाळचं बिस्किट त्याला दे, त्याला आवडतं.

कांदे मी सोलून ठेवतो.