चौसष्ट सालची बाटली

मोंताल्चीनो, १७ एप्रिल

प्रिय सेत्तिमिओ,

नाताळच्या कार्डाशिवाय ताईकडून काही आलं, म्हणजे कुणीतरी गेलं असं तुला वाटेल. कुणी गेलेलं नाही. गुडघे सोडले तर मीही ठणठणीत आहे. पोस्टात अडतीस वर्षं लोकांची पत्रं वाटली. आज स्वतः लिहायला बसले आहे, कारण मला राग आला आहे आणि तो ऐकून घ्यायच्या लायकीचं माणूस या गावात उरलेलं नाही.

फोंतेप्रूनाच्या द्राक्षमळ्याची पुस्तिका निघते आहे. डॉक्टर बार्जेल्लीनींची नात ओत्ताविया आता मळा सांभाळते. तिनं मजकूर वाचायला दिला, व्याकरण तपासा म्हणाली. नन्सच्या शाळेत शिकलेली मी एकटीच जिवंत आहे ना! व्याकरण उत्तम आहे. फक्त बाबा त्यात नाहीत. डॉक्टर म्हणे सिएनाहून फिरायला आले, टेकडीवर नुसती काटेरी झुडपं होती, तिथं उभं राहून त्यांना ब्रुनेल्लो वाइनचं स्वप्न पडलं, आणि सत्तर साली मळ्याची पहिली वाइन निघाली. झुडपं! छप्पन सालच्या थंडीत ऑलिव्हची झाडं उभ्या उभ्या फुटून मेली, तेव्हा अर्धलीनं कसायच्या त्या वरच्या शेतात, मालकीणबाई फ्लोरेन्समध्ये शेकोटीशी बसल्या असताना, एकेक खड्डा खणून वेली लावल्या त्या कुणी? आईनं पाणी वाहिलं, मी वाहिलं, तूही वाहिलंस, आणि अर्धं वाटेत सांडलंस.

रागापेक्षा मला कुतूहल जास्त वाटलं, हे खरं. माझ्याकडची, बाबांनी भरलेली चौसष्ट सालची बाटली मी कधी उघडली नव्हती. साठ वर्षांनी आत काय राहिलं असेल? वाइन, शिरका, की नुसतं लाल पाणी? मळ्यात दर वसंतात जुन्या बाटल्या भरून देतात, ते तू गाव सोडल्यावर सुरू झालं. बूच काढायचं, थेंबभर चाखायची, आटली असेल तेवढी त्याच सालच्या वाइननं मानेपर्यंत भरायची आणि नवं बूच ठोकायचं. साल चुकवायचं नाही, हा एकच नियम. लोक मिलानहून बाटल्या घेऊन येतात, तान्हं बाळ आणावं तशा. मी माझी भाजीच्या पिशवीत, कांद्यांवर ठेवून नेली.

चाखायचं काम मळ्याचं तळघर सांभाळणाऱ्या फुल्वियोकडे असतं. बूच निम्मं भुगा होऊन आलं, पण बाबांनी तापल्या खिळ्यानं डागलेलं ६४ नीट वाचता येत होतं. फुल्वियोनं हुंगलं, जिभेवर घेतलं, पुन्हा हुंगलं. मग म्हणाला, “ही वरच्या शेताची आहे.” सेत्तिमिओ, कसं ओळखलं, हे मी त्याला तासभर विचारत राहिले. जुन्या वेलींचा एक वास असतो म्हणे, सुकलेल्या चेरीचा आणि लोखंडाचा. मलाही घोटभर दिली. मला आपल्या तळघरातल्या ओल्या वाळूचा वास आला, पण फुल्वियोला मी चेरीच सांगितली.

मग अडलं. वाइन बाटलीच्या खांद्याच्याही खाली गेली होती, आणि भरायला चौसष्ट सालची वाइन कुठून आणणार? पुस्तिकेप्रमाणे मळाच मुळी तेव्हा नव्हता. फुल्वियो हळूच म्हणाला, “सिन्योरा योले, सत्तर म्हणा. दोन मिनिटांत भरून देतो.”

“मग माझंही वय सहा वर्षांनी कमी लिही,” मी म्हटलं.

तो हसला, पण ओत्ताविया हसली नाही. ती ते बूच हातात घेऊन बसली होती. मुलगी वाईट नाही. तिला जे सांगितलं गेलं ते तिनं लिहिलं. म्हणाली, बाटली रीतीनं, त्याच सालच्या वाइननं भरली गेली, तर मळ्याची पहिली बाटली म्हणून तळघरात ठेवेन आणि पुस्तिकेत बाबांचं नाव घालेन. नुसत्या तोंडच्या गोष्टीवर वाइनचे जाणकार हसतील. पुस्तिका मेच्या मध्याला छापायला जाईल. तोवर हवा लागू नये म्हणून फुल्वियोनं जुन्या लोकांची युक्ती केली: उकळून घेतलेल्या काचेच्या एकतीस गोट्या बाटलीत सोडल्या, वाइन मानेपर्यंत वर आणली आणि साधं बूच लावलं. फार दिवस हे चालणार नाही, असंही बजावलं.

मालकीणबाईंनी डॉक्टरांना शेत विकलं, त्या हिवाळ्यात बाबांनी त्यांना वेलींच्या काड्या कापून दिल्या, कलम कसं बांधायचं ते हात धरून शिकवलं, कुणी मागितलं नसताना. तू म्हणाला होतास, तुम्ही त्यांना हात द्याल आणि ते तुमचं नाव पुसतील. मी तुला मत्सरी म्हटलं, आईसमोर. त्याच आठवड्यात तू स्वित्झर्लंडला, विंटरथुरच्या कारखान्यात निघून गेलास. बाबांच्या अंत्यविधीला आलास तेव्हा माझ्या घरी पाणीही प्यायला नाहीस. पुस्तिका वाचून खाली ठेवली, तेव्हा पहिला राग डॉक्टरांवर नाही, माझ्यावर आला. तुझं बरोबर होतं. हे लिहायला मला तीन दिवस आणि चार कागद लागले.

तू निघालास तेव्हा बाबांनी तुझ्या पेटीत मोज्यांमध्ये गुंडाळून दुसरी बाटली ठेवली होती, हे मला माहीत आहे; मोजे मीच दिले होते. ती तू रागानं फोडली असशील, कुणाच्या लग्नात संपवली असशील, तर एका ओळीचं कार्ड टाक. मी बोलणार नाही. पण असेल, तर चार मेपर्यंत घेऊन ये. कुठली राखायची आणि कुठली ओतायची ते फुल्वियो चाखून सांगेल, आणि माझी ओतावी लागली तरी माझी तक्रार नाही. भरायला पेलाभरच लागते. बाकीची उघडी राहिली तर संध्याकाळपर्यंत मरते, म्हणून ती त्याच दिवशी प्यावी लागते, आणि एवढी मला एकटीला संपणार नाही.

तुझीच,
योले