चार नंबरचं कार्ड

४ तारीख, सोमवार

आमच्या इंग्रजी-मराठी कोशात एक जागा रिकामी झालीय. मोठे साहेब जाहिरात देऊन बसले. कोश म्हणजे काय धर्मशाळा आहे? या, बसा, शब्द लिहा!

सकाळी दाढी करताना लेक दारात. दोन महिने घरी बसून आहे; डोकं खायला मीच सापडतो. "बाबा, प्रोलॉगमधला 'प्रो' आणि प्रोनाउनमधला 'प्रो' एकच का हो?" माझ्या तोंडाला फेस. म्हटलं, "सगळे 'प्रो' लॅटिन. जा आता." ती अजून काही विचारणार होती— मी नळ सोडला.

११, सोमवार

उमेदवारांची कार्डं आली. नाव नाही, नुसता नंबर. तीही टाइप केलेली. वशिल्याला वाव नको, ही पद्धत मीच घालून दिली. साहेबांनी दिलेला शब्द— 'प्रो'. सुटा शब्द आणि उपसर्ग, दोन्हींचे अर्थ आणि मूळ.

पाच उमेदवार, पाच दिवे! एक नंबर लिहितो: "प्रो म्हणजे लय भारी माणूस." मूळ? मोबाइल! दोन नंबरने आमच्याच जुन्या आवृत्तीतून उतरवलंय— छपाईच्या चुकीसकट. तीनबद्दल लिहायला शाई वाया घालवत नाही.

१२

चार नंबर. सुरुवात बरी. 'प्रो'— प्रोफेशनलचं तोडून घेतलेलं डोकं. पैसे घेऊन खेळणारा. ठीक. उपसर्ग— बाजूने, ऐवजी, पुढे. हेही ठीक. आणि मग माती खाल्ली! प्रोलॉग, प्रॉफेट— सरसकट लॅटिन! अरे, तो ग्रीक 'प्रो', 'आधी' या अर्थाचा! कुणा दीडशहाण्याने शिकवलं असेल, देव जाणे.

लाल पेन्सिलीने शेरा मारला: "उमेदवाराने पुन्हा कोशाच्या वाटेला जाऊ नये."

साहेब म्हणाले, "अहो, बाकी कार्ड चांगलंय. मी तर हिलाच—हे जे कोण आहे त्यालाच—घेणार होतो. जरा सौम्य लिहा." सौम्य! खोडणार नाही म्हटलं. नियमाप्रमाणे कार्ड शेऱ्यासकट टपालाने परत जाईल. कळू दे एकदा.

१३

पाच नंबरला घेतलं. वासरांत लंगडी गाय शहाणी.

१६, शनिवार

दुपारी टपाल आलं. लेकीने कार्ड माझ्या ताटाशेजारी ठेवलं. चार नंबर. लाल पेन्सिल.

आवाजही चढवला नाही तिने. "तुम्ही सांगितलं होतंत ना, बाबा. म्हणून दुसरीकडे बघितलंच नाही."