हातातला एअर फ्रायर

शुक्रवार, संध्याकाळ

पोरीने हातात आलेला एअर फ्रायर घालवला! वसईकरांच्या गेट-टुगेदरला आमची पंधरा वर्षांची शॅरन खेळात जिंकली. माइकवाला म्हणाला, "हा एअर फ्रायर घे, नाहीतर तो बंद खोका उघड." मी पहिल्या रांगेतून ओरडतेय, "फ्रायर घे गं!" तिने माझ्याकडे पाहिलं, मग मागे बसलेल्या मैत्रिणींकडे. त्या किंचाळल्या, "बॉक्स! बॉक्स!" झालं, खलास.

खोक्यातून निघालं काय? कलिंगड. अख्खा हॉल हसला, सगळ्यात जास्त तीच.

गाडीत मी विचारलं, "एकटी असतीस तर काय घेतलं असतंस?"

"ऑब्व्हियसली एअर फ्रायर, मम्मी."

"आणि पुन्हा मैत्रिणी असल्या तर?"

"बॉक्स!"

म्हणजे अक्कल आहे. मग ऐन वेळी जाते कुठे? कोरा करकरीत फ्रायर...

आता मैत्रिणीही घरी आल्यात. स्वयंपाकघरात कलिंगड फोडून खाणं चाललंय, लादीभर बिया. मी चिडायला हवं. पण खरं सांगू? तिने खोक्याच्या झाकणाला हात घातला, तेव्हा माझं ओरडणं थांबलं होतं. मी खुर्चीवर चढले होते, आत काय आहे ते बघायला.