पाच टक्के पाऊस

लिस्नास्कीजवळ, काउंटी फर्माना
२९ जून

तीर्थस्वरूप शशीमामांना अवधूतचा साष्टांग नमस्कार (आठ अंगांपैकी डावा गुडघा सध्या फिजिओकडे आहे, तेवढा वजा धरावा. फिजिओ म्हणजे आपली आश्लेषाच. पेशंट घरचा असल्यामुळे ती लक्ष देत नाही).

तुमची शुगर, मामींची कंबर आणि सोसायटीतला पार्किंगचा तंटा, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. तिसऱ्याबद्दल आशा कमीच आहे, कारण सेक्रेटरींना तुम्ही धाडलेल्या चार पानी पत्राची प्रत मला मिळाली. 'आपल्या अकलेचे' या शब्दांनंतरचा मजकूर मी आश्लेषाला मोठ्यानं वाचून दाखवला. मामा, असं लिहिणारा एक माणूस इथे पन्नास मैलांत मिळणार नाही, आणि माझं सगळं दुखणं तेच आहे. (उत्तर पाठवाल तेव्हा पाकिटावर 'इंग्लंड' लिहू नका. नुसतं 'आयर्लंड'ही लिहू नका. 'यूके' लिहा आणि गप्प बसा. हे उत्तर आयर्लंड आहे, मुलूख कुणाचा या विषयावर इथे फार जपून बोलतात.)

मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, की इंग्लंडातलं, ब्रॅकनेलचं चांगलं ऑफिस सोडून शेतकऱ्यांत जाऊन राहिलास, ते लोक बोलतात तरी काय? मी 'मजेत आहे' म्हणून विषय संपवला. ते खोटं होतं. खरं काय ते आता बैजवार लिहितो. आश्लेषाला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि माझं काम घरून चालतं, म्हणून आम्ही इथे आलो. (माझं काम म्हणजे विमा कंपन्यांसाठी पूर, वादळ वगैरेंची शक्यता काढणं. पाच टक्के आणि पन्नास टक्के यांत फरक काय, हे लोकांना समजावण्याचाच मला पगार मिळतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) घर भाड्याचं, आणि घराच्या तीन बाजूंना मॅलकी मॅकब्रायनचं शेत. मॅलकी अडुसष्ट वर्षांचा (इथे आजोबांनाही नावानं हाक मारतात, म्हणून मीही मारतो). अठ्ठावीस गाई, एक ट्रॅक्टर, बर्नी नावाची बायको आणि वर्षभर एकच टोपी.

तर हा मॅलकी दर दोन दिवसांनी ट्रॅक्टर घेऊन आमच्या फाटकाशी येतो. इंजिन बंद करत नाही. फाटकावर दोन्ही कोपरं टेकतो आणि शेताकडे बघत बोलतो. आपणही शेताकडेच बघायचं, त्याच्या तोंडाकडे बघितलं तर तो अस्वस्थ होतो. पहिलं वाक्य ठरलेलं: "नॉट अ बॅड डे." मामा, धो धो पाऊस पडत असतो हो! टोपीच्या कडेवरून त्याच्या नाकावर धार लागलेली असते आणि हा म्हणतो, दिवस वाईट नाही. एकदा मी जाऊ दिलं. दोनदा जाऊ दिलं. पण समोर धडधडीत चुकीचं विधान झालं असताना गप्प बसायला मी काही इथे जन्मलेलो नाही. तिसऱ्यांदा मी स्पष्ट सांगितलं, की हा वाईट दिवस आहे. तो म्हणाला, "इज दॅट राइट?" मला वाटलं पुरावा मागतोय. मी फोन काढला, पावसाचं रडार दाखवलं, सकाळपासून किती मिलिमीटर झाला ते सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि श्वास आत ओढत म्हणाला, "आय." ('हो'ला हे लोक 'आय' म्हणतात, आणि तेही श्वास आत घेत. पहिले दोन महिने माझी समजूत होती, की हा मुलूख भलताच मातृभक्त आहे, नाहीतर सगळ्यांनाच कुठेतरी कळ येते आहे.) आश्लेषा म्हणाली, अरे, तो तुला माहिती विचारत नाहीये, तूही नुसतं 'आय' म्हण. मी म्हणालो, मला जमणार नाही.

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे खरा मुद्दा हे लोक कधीही आधी काढत नाहीत. चाळीस मिनिटं बहिणीचं हिप ऑपरेशन, फुटबॉल, कुणाच्या तरी गाईला झालेली जुळी वासरं. मग "आय'ल लेट यू गो" म्हणतात, म्हणजे 'सोडतो आता तुला'. (धरून ठेवलं होतं, ही कबुली तरी देतात.) आणि ट्रॅक्टरवर एक पाय ठेवल्यावर, जाता जाता, सहज आठवल्यासारखं कळतं, की त्याला आपली शिडी हवी आहे. अहो, मग शिडी मागा ना! आपल्याकडे माणूस दारातच विचारतो शिडी आहे का, आपण 'नाही' म्हणतो, दोन मिनिटांत दोघं मोकळे.

आता मुख्य प्रकार. दोन आठवड्यांपूर्वी, सोमवारी, मॅलकी असाच आला. हिप झालं, फुटबॉल झालं. ट्रॅक्टरवर पाय ठेवला आणि म्हणाला, तुझ्या त्या वी फोनला या आठवड्याची काही खबर आहे का? ('वी' म्हणजे छोटासा. इथे सगळंच 'वी' असतं, हिप ऑपरेशनसुद्धा.) मामा, सात महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला खरोखर काहीतरी विचारत होतं! मी तीन अ‍ॅप उघडली. सांगितलं, मंगळवार ते शनिवार कोरडं, पावसाची शक्यता पाच टक्के. त्यानं डोंगराकडे पाहिलं, श्वास आत ओढला, "आय" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी नदीकाठचं सगळं कुरण कापून टाकलं.

हे गवत म्हणजे त्याच्या गाईंचा हिवाळा. कापायचं, चार दिवस उन्हात उलटंपालटं करत सुकवायचं, मग गठ्ठे बांधून गोठ्यात रचायचे. थोडक्यात वाळवण. मामींना सांगा, कुरडयांचंच तंत्र, फक्त खाणाऱ्या गाई. बुधवार कडक उन्हाचा गेला. गुरुवारही. मी दिवसातून तीनदा कुरणावर चक्कर मारत होतो, जणू मीच पेरलं होतं. गुरुवारी संध्याकाळी मॅलकी आला. बराच वेळ शेताकडे बघत राहिला. मग म्हणाला, अर्धवट सुकलंय, आत्ताच गोळा करून प्लास्टिकमध्ये गुंडाळलं तर वाया जाणार नाही, शनिवारपर्यंत ठेवलं तर मात्र सोनं होईल. "व्हॉट वुड यू थिंक युअरसेल्फ?" मी फोनकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणालो, ठेव खुशाल. पाच टक्के.

शुक्रवारी दुपारी सव्वा वाजता माझी मीटिंग चालू होती. ब्रॅकनेलच्या मंडळींना मी समजावून देत होतो, की शक्यता कमी आहे याचा अर्थ ती गोष्ट घडणारच नाही असा होत नाही. आणि नेमका त्याच वेळी छपरातल्या खिडकीवर टप आवाज झाला. मी सपाता घालूनच पळालो. मॅलकी गोठ्याच्या दारात खिशात हात घालून उभा होता आणि कुरणावरच्या पावसाकडे बघत होता. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यानं थोडं सरकून मला जागा दिली. पाऊस दोन दिवस थांबला नाही. गवत काळं पडलं. आता ते गाईंच्या अंगाखाली पसरायच्या कामाचं.

आणि मामा, आता ऐका. गेल्या नऊ दिवसांत मला कुणीही एक शब्द बोललेलं नाही! मी दुसऱ्याच दिवशी माफी मागायला गेलो. म्हणालो, चूक माझी आहे, तुला काय बोलायचं ते बोल. मॅलकी म्हणाला, "अख, द ग्राउंड नीडेड इट." जमिनीला पाऊस हवाच होता म्हणे. ही जमीन! जिथे माझ्या गाडीच्या खिडकीच्या रबरावर शेवाळ उगवतं, ती जमीन! मग मी बर्नीकडे शंकरपाळे घेऊन गेलो, म्हटलं बाई तरी बोलेल. तिनं मला वी चहा पाजला आणि येताना हातात डझनभर अंडी ठेवली. गवत मी भिजवलं आणि अंडी त्यांनी दिली! ही कुठली रीत? घरी आलो तर मायरा शाळेतून येऊन विचारते, "बाबा, तुझी नाव फाइव्ह पर्सेंट आहे?" (नाव 'ती' नसतं, 'ते' असतं, हे मी तशा संतापातही तिला सांगितलं.) म्हणजे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. पण मी दुकानात शिरलो, की पावसावर बोलणारी चार माणसं एकदम गप्प होतात आणि वासरांवर येतात. ज्या घरातली मुलगी दहावीला नापास झालेली असते, त्या घरी आलेले पाहुणे निकाल सोडून जगातलं सगळं बोलतात, तसं.

कहर परवा झाला. मॅलकी फाटकाशी आला. पाऊस पडतच होता. हिप झालं, फुटबॉल झालं, जुळ्या वासरांतलं एक दगावलं तेही झालं. मी वाट बघत होतो. पण हवामानाचा एक शब्द त्यानं काढला नाही, आकाशाकडे मान वर केली नाही. "आय'ल लेट यू गो" म्हणून गेला. मामा, ज्या मुलखात हवेशिवाय बोलायला दुसरं काही नाही, तिथे माझ्यासमोर हवा बंद केली आहे यांनी! गवत वाळलं नाही, पण मला मात्र वाळीत टाकलं. हे माझं मन राखायला चाललंय, असं आश्लेषा म्हणते. मला नकोय माझं मन राखलेलं. मला जेवण जात नाही. मला तो खोटा 'नॉट अ बॅड डे' परत हवा आहे.

यापेक्षा आपल्या घरची पद्धत किती स्वच्छ! मी अकरा वर्षांचा होतो, मे महिन्यात तुमच्याकडे राहायला आलो होतो, आठवतंय? गच्चीवर मामींच्या कुरडया वाळत होत्या. आभाळ भरून आलं. मामींनी विचारलं, काढून घ्यायच्या का रे अवधूत? मी म्हणालो, नको, पेपरात कोरडं हवामान लिहिलंय. पंधरा मिनिटांत वळीव आला आणि सगळा लगदा झाला. तुम्ही मला तीन दिवस झापत होतात. सिलिंडरवाल्यासमोर झापलंत, समोरच्या गॅलरीतल्या बाईंना साक्षीला घेऊन झापलंत. चौथ्या दिवशी उसाचा रस पाजलात आणि प्रकरण मिटलं. मी ढसाढसा रडलो होतो, पण रात्री झोप लागत होती.

असो. पत्र लांबलं. घरच्या मोठ्यांना नमस्कार. लहान कुणी उरलं नसेल, तर आशीर्वाद सेक्रेटरींना द्यावेत. आता सोडतो तुम्हाला.

आपला (अजून तरी) भाचा,
अवधूत

ता. क. जाता जाता, सहज आठवलं म्हणून. हे पत्र पोचल्यावर येणाऱ्या पहिल्या शनिवारी तुमच्या दुपारी साडेतीनला मला फोन करून झापाल का? (वामकुक्षी मोडेल, पण त्यानं आवाजाला धारच येईल.) इथे तेव्हा अकरा वाजलेले असतात आणि मॅलकी फाटकाशी असतो. मी स्पीकर लावीन. त्याला मराठी कळत नाही, पण तुमचा आवाज ऐकून विषय कळेल. सेक्रेटरींसाठी काही राखून ठेवलं असेल तर तेही वापरा. निदान त्याला दिसेल, की आमच्या घरात असल्या गोष्टी बिनबोलता जात नाहीत.

ता. क. २. सोमवार. पाकीट चिकटवणार तेवढ्यात मॅलकी आला, म्हणून पुन्हा उघडलं. पाऊस असा, की फाटकापलीकडचं शेत दिसेना. चाळीस मिनिटं झाली. ट्रॅक्टरवर पाय ठेवला. मग मान वर करून आकाशाकडे बघत म्हणाला, "नॉट अ बॅड डे." फोन माझ्या खिशात होता. मामा, मी तो काढला नाही. श्वास आत ओढला आणि म्हणालो, "आय."

तो गेल्यावर मी तसाच भिजत उभा राहिलो, कारण एक गोष्ट आठवली. 'जमिनीला हवाच होता' हे मी आधी ऐकलेलं आहे. त्या दिवशी गच्चीवर तुम्ही ओरडत होतात आणि तुमच्या मागे मामी खाली बसून चादरीवरचा लगदा पातेल्यात भरत होत्या. गहू तीन दिवस भिजवून, चीक शिजवून, पहाटेपासून एकटीनं घातलेल्या कुरडया. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "जाऊ दे हो, झाडांना हवाच होता पाऊस." तुमच्या आवाजात ते मला नीट ऐकू आलं नाही. सॉरी मी तुम्हाला म्हणालो. कुरडया मामींच्या होत्या.

तेव्हा शनिवारी फोन लागला, की आधी मामींना द्या. तुम्ही तोवर घोटभर पाणी पिऊन घ्या.